नोंदवहीतला माणूस

कन्हानच्या काठी इंग्रजांनी १८२१ मध्ये कामठीची छावणी वसवली. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यावर वचक ठेवायला पलटणी हव्या होत्या. पलटणींमागून दाणागोटा, बाजार, धोबी, भिश्ती, हमाल असा सगळा गोतावळा आला. या सगळ्यांचा हिशेब वहीत राहायचा. शिपायाचा पगार, घोड्याचा दाणा, बाजारातल्या दुकानाचे भाडे, कोण आला, कोण गेला, सगळे लिहिले जाई. ज्याच्याबद्दल लिहिले जाई त्याने ती वही बघायला मागावी, हे कोणाच्या मनातही येत नसे.

आज युरोपात तशी मागणी करणे हा माणसाचा कायदेशीर हक्क आहे. माझ्याबद्दल काय लिहून ठेवले आहे ते दाखवा, चूक असेल तर दुरुस्त करा, काम संपले असेल तर पुसून टाका. या हक्काची कुळकथा बहुधा युरोपातल्या संगणकांपासून सांगितली जाते. खरे तर ती वहीपासून सांगायला हवी, आणि त्या वह्यांपैकी एक फार क्रूर वही आपल्याकडच्या छावण्यांत ठेवली जात होती.

कामठीसारख्या लष्करी ठाण्यांसाठी १८६४ मध्ये छावण्यांचा कायदा झाला. गोऱ्या सैनिकांत गुप्तरोग फैलावले होते, म्हणून वेश्यावस्तीवर देखरेख ठेवण्याचे नियम करायची मुभा या कायद्याने दिली. पाठोपाठ १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा आला. बाईचे नाव वहीत चढे, तिला तिकीट मिळे. ठरलेल्या दिवशी तिने तपासणीला हजर राहायचे आणि त्याची नोंद व्हायची. रोग आढळला तर तिला ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या इस्पितळात डांबले जाई, हजर राहिली नाही तर शिक्षा होई. जो शिपाई तिच्याकडे जाई, त्याच्यासाठी असे तिकीट नव्हते. शरीराची इतकी खाजगी माहिती सरकारने सक्तीने घ्यावी, लिहावी आणि तिच्याच विरुद्ध वापरावी, हे इथे राजरोस चालले होते. इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर यांनी अशाच कायद्याविरुद्ध वर्षानुवर्षे चळवळ केली. तिथला कायदा १८८६ मध्ये आणि इथला १८८८ मध्ये रद्द झाला.

या वहीला उत्तर मिळाले ते महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, पण त्याला शंभर वर्षे लागली. १९६५ मध्ये भिवंडीचा एक पोलीस निरीक्षक रात्री गणवेशात एका बाईच्या झोपडीत शिरला, अशी तक्रार झाली. बाईचे चारित्र्य बरे नाही, तिच्या शब्दावर अधिकाऱ्याची नोकरी कशी घालवायची, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने घेतली. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ती फिरवली. बाईचे चारित्र्य कसेही असो, तिला खाजगीपणाचा हक्क आहे आणि मनात येईल तेव्हा तिच्या घरात घुसायचा अधिकार कोणाला नाही, असे न्यायालयाने सांगितले. मर्डीकर खटला म्हणून तो ओळखला जातो. कायद्याच्या विद्यार्थ्यांबाहेर तो फारसा कोणाला ठाऊक नाही, याची खंत वाटते.

१८९७ हे साल या कथेत दोनदा येते. पुण्यात प्लेगच्या नावाखाली सैनिक घराघरांत, थेट माजघरात आणि देवघरात शिरले. त्याचा संताप प्लेगचा अधिकारी रँड याच्या खुनापर्यंत गेला. त्याच वर्षी कोलकात्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय सुरू झाले. ठशांचे वर्गीकरण कसे करायचे हे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी नोकरांनी बसवले, नाव मात्र एडवर्ड हेन्री या साहेबाचे झाले. माणसाची ओळख आता वहीतून बोटावर उतरली.

युरोपाला नोंदवहीचे भय कळले ते दुसऱ्या महायुद्धात. हॉलंडमध्ये लोकसंख्येची नोंद अतिशय नेटकी ठेवली जाई, त्यात प्रत्येकाचा धर्मही असे. शांततेच्या काळात ती उत्तम कारभाराची खूण होती. १९४० मध्ये नाझी आले आणि ज्यू कुठे राहतात हे त्यांना शोधावेच लागले नाही. तिथल्या सुमारे एक लाख चाळीस हजार ज्यूंपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले. २७ मार्च १९४३ च्या रात्री काही क्रांतिकारक पोलिसांच्या वेशात अ‍ॅमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरले आणि त्यांनी कार्डांना आग लावली. थोडाच भाग नष्ट झाला. त्यांच्यातल्या बारा जणांना १ जुलैला गोळ्या घालण्यात आल्या. कागद जाळण्यासाठी माणसे मरायला तयार झाली, यावरून त्या कागदांचे वजन कळते.

पुढे सरकारी कचेऱ्यांत संगणक येऊ लागले तेव्हा पहिला कायदा नाझी जिथून आले त्या जर्मनीतच झाला. हेस्सेन या प्रांताने १९७० मध्ये जगातला पहिला डेटा संरक्षण कायदा केला, तर १९७३ मध्ये स्वीडनने देशभराचा पहिला कायदा केला. फ्रान्समध्ये सरकारी फायली एकाच क्रमांकाने जोडायची ‘सफारी’ नावाची योजना होती. १९७४ मध्ये ‘ल मोंद’ दैनिकाने ती उघडकीला आणली, मोठा गदारोळ झाला आणि १९७८ मध्ये तिथेही कायदा आला. जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९८३ मध्ये जनगणनेच्या खटल्यात सांगितले की, आपली माहिती कोणी, कधी आणि कशासाठी वापरायची हे ठरवण्याचा अधिकार त्या माणसाचा आहे. पुढे १९९५ चा युरोपीय निर्देश आणि २५ मे २०१८ पासून लागू झालेला ‘जीडीपीआर’ हा युरोपीय डेटा संरक्षण कायदा, हे याच बीजाचे विस्तार.

जीडीपीआरचा दंड जबर आहे. दोन कोटी युरो किंवा जगभरातल्या उलाढालीच्या चार टक्के, यांतली मोठी रक्कम ही त्याची कमाल मर्यादा. मे २०२३ मध्ये आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने मेटा कंपनीला १२० कोटी युरोंचा दंड केला. तुरुंगवासाचे मात्र त्या त्या देशावर सोपवले आहे. फ्रान्समध्ये बेकायदा माहिती गोळा करणाऱ्याला पाच वर्षांची कैद होऊ शकते. या कायद्याचे संरक्षण नागरिकत्व पाहून मिळत नाही. कामठीचा मुलगा म्युनिकला नोकरी करत असेल, तर तिथे त्यालाही ते लागू होते. आणि भारताचा कायदा पुरेसा आहे असे युरोपने अजून मान्य केलेले नाही, त्यामुळे तिथल्या लोकांची माहिती हाताळणाऱ्या इथल्या कंपन्यांना बहुधा वेगळे करार करून बांधून घ्यावे लागते.

आणि आपल्याकडे? आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. ठसा आता रेशनच्या दुकानातल्या यंत्रावर उमटू लागला. कामठी हे विडी कामगारांचे जुने गाव. बाबू हरदास यांनी इथल्याच विडी मजुरांना संघटित केले होते. विडी वळणारी बाई तेंदूच्या पानाचा तुकडा कातरते, चिमूटभर तंबाखू पसरते, बोटांनी गुंडाळी आवळते, टोक दुमडते, दोरा बांधते. दिवसभर हेच. अशा कामात बोटांवरच्या रेषा झिजतात, आणि मग यंत्र तिला ओळखत नाही. तिचीच बोटे, तिचाच ठसा, पण ती तीच आहे हे ठरवते यंत्र.

आधारचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा खाजगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, असे केंद्र सरकारने सांगितले. ऑगस्ट २०१५ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवणाऱ्या तीन न्यायमूर्तींत नागपूरचे शरद बोबडे होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की तो हक्क आहे. त्या पीठावरही बोबडे होते, आणि त्यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिले. खाजगीपणा ही पाश्चात्त्य आयात आहे हा युक्तिवाद त्यात मोडून काढला आहे. घर कसे बांधावे म्हणजे आतल्यांचा आडोसा राहील हे गृह्यसूत्रे सांगतात, धन्याला न विचारता घरात शिरायला अर्थशास्त्र मनाई करते, असे दाखले त्यांनी दिले. त्याच पीठावरच्या धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतला जबलपूर खटल्याचा निकाल चुकीचा ठरवला, ज्यात त्यांचे वडील यशवंतराव बहुमतात होते.

नंतर सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये कायद्याचा मसुदा दिला. प्रत्यक्ष कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने मे २०२७ पासून लागू होतील. दंड २५० कोटींपर्यंत आहे, पण तो सरकारच्या तिजोरीत जातो. युरोपात ज्याची माहिती फुटली तो भरपाई मागू शकतो. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्यातले भरपाईचे कलम होते, तेच नवा कायदा काढून टाकतो. उलट खोटी तक्रार केली तर नागरिकालाच दहा हजारांपर्यंत दंड. सरकारला भरघोस सवलती आहेत, आणि माहिती अधिकाराचे एक महत्त्वाचे कलम याच कायद्याने आवळले आहे. ज्या नोंदवहीपासून माणसाला वाचवायचे तिची किल्ली पुन्हा सरकारकडेच राहिली. हे बदलायला हवे, भरपाईचा हक्क परत यायला हवा, आणि त्यासाठी आपल्या आमदार-खासदारांना विचारत राहायला हवे.

तोवर हातात जे आहे ते वापरा. सिमकार्डवाला, लॉज, खाजगी शिकवणी, कोणीही आधारची झेरॉक्स मागितली तर कशासाठी ते आधी विचारा. क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून फुकट मिळते. जिथे ते चालते, तिथे तेच द्या.