मधुमेह मेंदूपर्यंत कसा पोहोचला?

शुगर डोळ्यांना, किडनीला, पायांच्या नसांना त्रास देते, हे तुम्हाला माहीत असतं. मेंदूचं नाव मात्र कुणी काढत नाही. दोष तुमचा नाही. एमबीबीएसला असताना आम्हीही घोकलं होतं की मेंदूला साखर शोषून घ्यायला इन्सुलिन लागत नाही. वाक्य बहुतांशी बरोबर आहे, पण त्यावरून मेंदू मधुमेहापासून सुरक्षित आहे असं आम्ही गृहीत धरलं, ते चुकलं.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याच वर्षी बोस्टनमध्ये माइल्स आणि रूट यांनी मधुमेही रुग्णांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या घेतल्या, आणि त्यात ते कमी पडत असल्याचं दिसलं. पण माणूस जगतोय हेच तेव्हा मोठं होतं. विसरभोळेपणाकडे कोण बघणार?

दाहाचा धागा याहून जुना आहे. १८७६ मध्ये एब्स्टाइन या जर्मन डॉक्टरांनी सॅलिसिलेट, म्हणजे अॅस्पिरिनच्या कुळातलं औषध, मोठ्या मात्रेत देऊन मधुमेहाची लक्षणं कमी झाल्याचं नोंदवलं. (हे वाचून घरी अॅस्पिरिन सुरू करू नका! त्या मात्रेत कान वाजतात, पोटात रक्तस्राव होऊ शकतो.) दाह कमी करणाऱ्या औषधाने साखर का उतरावी? याचा उलगडा व्हायला शतक लागलं. १९९३ मध्ये होतामिश्लिगिल आणि स्पिगेलमन यांनी दाखवलं की लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ-अल्फा हा दाह वाढवणारा पदार्थ तयार होतो आणि तो इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतो.

मेंदूत काय घडतं? १९१९ मध्ये माद्रिदच्या देल रिओ-ओर्तेगा यांनी मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशी ओळखल्या. हे मेंदूचे पहारेकरी. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा कमकुवत होतो, रक्तातले दाहजनक पदार्थ आत शिरतात, पहारेकरी खवळतात आणि चोर नसताना घरच्यांनाच झोडपतात. इन्सुलिनचे संकेत घेणारे रिसेप्टर मेंदूतही असतात, हे १९७८ मध्येच समजलं होतं. दाहामुळे तेही नीट काम करेनासे होतात. बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान वेगळंच.

१९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासाने आकडा दिला: मधुमेहींमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट. दुप्पट म्हणजे प्रत्येकाला होतोच असं नाही, हेही ध्यानात ठेवा.

तेव्हा घरातले मधुमेही आजोबा गोळी घेतल्याचं विसरून पुन्हा घेत असतील, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. त्यांना घेऊन या. साखर मध्येच फार खाली जाते का, मेटफॉर्मिनमुळे बी-१२ घटलंय का, थायरॉइड कसं आहे, हे आधी तपासू. यातली बरीच कारणं दुरुस्त होतात.