एका पत्राचें साल

चामोर्शीजवळ वैनगंगेच्या कांठीं मार्कंड्याचीं देवळें आहेत. त्यांना हेमाडपंती म्हणून मोकळें होण्याची आपल्याकडे चाल आहे. पण हेमाद्रि तेराव्या शतकांतला, आणि जाणत्यांनीं घडणीवरून या देवळांचा काल दहाव्या-अकराव्या शतकांत धरला आहे. जी वस्तु स्वतःचें साल सांगत नाहीं तिचें साल असें दुसऱ्या खुणांवरून काढावें लागतें. पेशवाईंतील कागदांचा अनुभवहि तोच. पत्रावर चंद्र असतो, महिना असतो, साल मात्र पुष्कळदां नसतें. मग मजकुरांत कोणाची स्वारी आली आहे, कोण वारला आहे, हें पाहून संपादक तें बसवितो.

आज अशाच एका दूरदेशींच्या पत्राविषयीं बोलावयाचें आहे. मराठी बायबलांत तें ‘थेस्सलनीकाकरांस पहिलें पत्र’ या नांवानें येतें. लिहिणारा पौल, सोबत सिल्वान व तीमथ्य यांचीं नांवें. पत्रावर ना तिथि, ना साल. मायना त्या काळच्या ग्रीक रिवाजाचा: आधीं लिहिणाऱ्याचें नांव, मग ज्यास लिहावयाचें त्याचें, मग अभिवादन. फक्त नेहमींच्या अभिवादनाच्या जागीं पौलानें त्याच उच्चाराच्या जवळचा ‘कृपा’ हा शब्द घातला आणि त्याला ‘शांति’ जोडली.

सालाचा धागा पत्रांत एवढाच कीं, थेस्सलनीकेस पाठविलेला तीमथ्य नुकताच परत आला आहे. ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या ग्रंथावरून ही भेट करिंथ शहरीं झाली असें दिसतें. तेथें पौल दीड वर्ष राहिला, आणि विरोधकांनीं त्याला अखया प्रांताचा सुभेदार गल्लियो याच्यापुढें उभें केलें. गल्लियोनें फिर्याद ऐकूनहि घेतली नाहीं. हा तत्त्ववेत्त्या सेनेकाचा भाऊ. पण त्याचें नांव आज जगभर घेतलें जातें तें ज्या खटल्यास त्यानें धुडकावून लावलें त्याच्यामुळें!

गल्लियो सुभ्यावर कधीं होता? याचें उत्तर ग्रीसमधील डेल्फी येथें फुटक्या दगडांवर मिळालें. त्यांतील पहिले तुकडे इ. स. १९०५ मध्यें प्रसिद्ध झाले. लेख म्हणजे क्लौद्य बादशहाचें पत्रच आहे. शहर ओस पडत चाललें आहे, ही गोष्ट ‘माझा मित्र’ गल्लियो यानें कळविली, असें बादशहा लिहितो. बादशहाचा विजयानिमित्त सव्विसाव्यांदा जयघोष झाला असल्याची नोंद लेखांत आहे. रोमच्या एका पाटाच्या कमानीवर सत्ताविसाव्याची नोंद आहे, आणि त्या पाटाचें लोकार्पण १ ऑगस्ट ५२ रोजीं झालें. तेव्हां डेल्फीचें पत्र त्याच्या आधींचें. सुभेदारी साधारणतः एका वर्षाची, उन्हाळ्यापासून. म्हणून गल्लियोची ५१ ते ५२ अशी धरतात. पौलाचें पत्र सन ५० किंवा ५१ च्या सुमारास येऊन बसतें. येशूच्या वधाला तेव्हां अवघीं वीसेक वर्षें झालीं होतीं. आज उपलब्ध असलेल्या ख्रिस्ती लेखांत हेंच सर्वांत जुनें, असें बहुतेक अभ्यासक मानतात, शुभवर्तमानें त्यानंतरचीं.

एवढी खटपट कशासाठीं, असें कोणी विचारील. पत्र हें संभाषणाचें एक अंग असतें. दुसरें आपणांस ऐकूं येत नाहीं. उत्तरावरून प्रश्न ओळखावा लागतो. थेस्सलनीका हें मासेदोनियाचें मोठें बंदर. तेथील मंडळी हातानें काम करून पोट भरणारी दिसते, कारण पौल त्यांना आपल्या हातांनीं कष्ट करण्यास सांगतो, व आपणहि कोणावर भार पडूं नये म्हणून रात्रंदिवस राबलों याची आठवण देतो. त्यांच्यांतलीं कांहीं माणसें वारलीं होतीं. प्रभु लवकरच येणार, असें ऐकून यांनीं नवा धर्म धरिला. आतां जीं आधींच गेलीं त्यांचें काय? बाप गेला, बायको गेली, तीं त्या दिवसाला मुकलीं काय? पौल उत्तर देतो कीं आधीं तींच उठतील, मग ‘आपण जे जिवंत उरूं ते’.

या ‘आपण’ शब्दावर माझें बोट अडखळतें. पौल स्वतःला उरणाऱ्यांत धरतो. पुढच्या पिढीनें पौलाच्या नांवावर पत्र रचलें असतें, तर पौल मरण पावल्यावर हा शब्द त्याच्या तोंडीं कोण घालता? श्रद्धावान वाचकास ही जागा अवघड वाटते. इतिहासाच्या दृष्टीनें मात्र पत्राच्या खरेपणाची याहून चांगली साक्ष मला दिसत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत बौर या जर्मन पंडितानें हें पत्र पौलाचें नव्हे असें म्हटलें होतें. तें मत आतां जवळजवळ कोणी धरीत नाहीं. दुसऱ्या अध्यायांतील यहुद्यांवरील कठोर मजकूर मागाहून घुसला कीं काय, हा वाद मात्र चालूच आहे.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनीं केडगांवीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सबंध बायबल साध्या मराठींत आणलें. १९२२ सालीं त्या वारल्यावर दोन वर्षांनीं तें प्रसिद्ध झालें. खेड्यांतल्या अल्पशिक्षित बायांना समजावें, हा त्यांचा हेतु होता. मूळच्या पत्राचा वाचकवर्गहि फारसा निराळा नसावा. अक्षरओळख असणारे त्यांत थोडेच. म्हणून शेवटीं शेवटीं पौल त्यांना प्रभूची शपथ घालतो कीं, हें पत्र सर्व बंधूंना वाचून दाखवा.