कंपनी फिटिंग व बाहेरची फिटिंग (मातीकामाची व शेतीची यंत्रे)

यंत्रावर कारखान्यातच बसून येणारी उपकरणे म्हणजे कंपनी फिटिंग. यंत्र ताब्यात आल्यावर मालक खाजगी कारागिराकडून बसवून घेतो ती बाहेरची फिटिंग. विक्रीच्या वेळी डीलरने बसवलेली उपकरणे या दोहोंच्या मधे पडतात. हमीचा वाद उद्भवल्यास त्यांची गणना कशात करायची, याबाबत मतभेद आहेत. येथे मुख्यतः ठाणे–कल्याण परिसरात दिसणाऱ्या जेसीबी, पोकलेन व डंपर यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी : जेसीबी कंपनी १९७९ मध्ये एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत भारतात आली; पहिला कारखाना हरियाणातील बल्लभगड येथे, नंतरचा पुण्याजवळ तळेगावला. जुन्या यंत्रांचा डिझेल पंप यांत्रिक असे. विजेचे काम स्टार्टर, दिवे, भोंगा एवढ्यापुरतेच असल्याने गल्लीतला वायरमनही ते सांभाळी. १ एप्रिल २०२१ पासून चाकांच्या बांधकाम यंत्रांना सीईव्ही-४ आणि १ जानेवारी २०२५ पासून सीईव्ही-५ ही उत्सर्जन मानके लागू झाली. इंजिनाचा ताबा इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे गेला आणि बाहेरच्या कारागिराचा हात तिथे थांबला.

दूरनिरीक्षण : जपानच्या कोमात्सू कंपनीने २००१ पासून ‘कोमट्रॅक्स’ ही प्रणाली यंत्रासोबतच द्यायला सुरुवात केली. जेसीबीची अशी प्रणाली ‘लाइव्हलिंक’. यंत्राचे ठिकाण, चाललेले तास, सर्व्हिसची वेळ आणि आखलेल्या हद्दीबाहेर यंत्र गेल्याची सूचना तीतून मिळते. ही माहिती आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाते, मग मालकाच्या मोबाइलवर येते.

डिझेलची मोजणी : बाहेरच्या फिटिंगला मागणी टिकून आहे ती मुख्यतः यासाठी. नव्या इंजिनाचा नियंत्रक किती डिझेल जळाले ते सांगतो. टाकीतून नळी घालून काढलेले डिझेल त्याच्या हिशेबात येत नाही. टाकीचा काटा उतरतो खरा, पण तो ढोबळ असतो. बाहेरचा सेन्सर टाकीतले डिझेल मोजतो. टाकीच्या वरच्या पत्र्याला भोक पाडून, टाकीच्या खोलीपेक्षा किंचित आखूड कापलेली सेन्सरची दांडी आत सोडतात. मग रिकामी टाकी ठरावीक मापाने भरत जाऊन प्रत्येक टप्प्याचे वाचन नोंदवतात. टाकीचा आकार सरळ नसल्याने हे टप्पे टाळले की पुढची सगळी वाचने चुकतात. यंत्र उतारावर उभे असले तरी आकडा हलतो. ऑपरेटरवर चोरीचा आळ येण्याचे हे एक नेहमीचे कारण. तासांचेही तसेच. तास मोजणारे बाहेरचे उपकरण किल्लीच्या तारेला जोडले असेल, तर इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली चालू केली तरी तास भरतात. म्हणून जाणकार कारागीर ती जोडणी अल्टरनेटरवरून घेतो. तासाच्या भाड्याने यंत्र देणाऱ्यासाठी हा फरक थेट पैशाचा आहे.

ब्रेकर पायपिंग : खडक फोडणाऱ्या ब्रेकरला तेल पुरवणाऱ्या कंपनीच्या पायपिंगमध्ये दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह असतो आणि तेलाची परतीची लाइन थेट टाकीत जाते. बाहेर काम करताना खर्च वाचवण्यासाठी ती मुख्य व्हॉल्व्हमधून फिरवली, तर मागचा दाब वाढून ब्रेकरचे सील जातात. एरवी चांगल्या होजचे बाहेरचे काम कंपनीच्या तोडीचे होते.

कायदा : उत्खनक व रोडरोलर ही मोटारवाहनेच, असे सर्वोच्च न्यायालयाने बोस अब्राहम विरुद्ध केरळ राज्य (२००१) या प्रकरणात म्हटले. मोटारवाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ च्या निकालात न्यायालयाने त्याचा अर्थ कडक लावला. सेन्सरची दांडी अशा बदलात मोडते असे सहसा मानले जात नाही.

ठाणे परिसर : सक्ती आणि मर्जी यांतला फरक येथे एकाच रस्त्यावर दिसतो. खोपट आगारातून सुटणाऱ्या एसटीसारख्या प्रवासी वाहनांना १ जानेवारी २०१९ नंतरच्या नोंदणीसाठी ठिकाणदर्शक यंत्र व आपत्कालीन बटण नियमानेच आले. रेती, खडी, मुरूम वाहणाऱ्या डंपरला शासनाच्या ‘महाखनिज’ प्रणालीशी जोडलेला जीपीएस लागतो. म्हणजे बाहेरची फिटिंग, पण सरकारी हुकमाने. जेसीबीवर मात्र काय बसवायचे ते सहसा मालक ठरवतो.

शेतीयंत्रे : महिंद्राच्या ट्रॅक्टरांसाठी ‘डिजिसेन्स’ (२०१६) ही दूरनिरीक्षण प्रणाली आहे. जिल्ह्यातील लहान भातखाचरांत चालणाऱ्या पॉवर टिलरवर अशी उपकरणे सहसा नसतात.