बाळाचे न्हाणे आणि ऐपत

तान्ह्या बाळाला न्हाऊ कसे घालावे, हा विषय युनियनच्या माणसाने व्यासपीठावर का आणावा, असे एका स्नेह्याने आम्हांस विचारले. त्याचे उत्तर आम्हांला सुश्रुतात सापडले. आम्ही संस्कृत शिकलेलो नाही. मराठी भाषांतरांवरच आमची गुजराण. शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे की, नवजात बालकास बलातेल चोळावे आणि मग स्नान घालावे. पाणी चीक असलेल्या झाडांच्या काढ्याचे असावे, किंवा तापवलेले सोने-रुपे विझवलेले असावे, नाहीतर कवठाच्या पानांचा कोमट काढाही चालेल. हे सारे काळ पाहून, दोष पाहून आणि ऐपत पाहून करावे. 'ऐपत' या शब्दापाशी आम्ही थांबलो. बाळाचे न्हाणे घरोघर सारखे होत नाही, हे त्या वैद्याला ठाऊक होते.

आता गिरणगावात या. मुंबईला विहार तलावाचे पाणी 1860 साली आले आणि तानसाचे 1892 साली. पण शहरात पाणी येणे निराळे आणि बाळंतिणीच्या खोलीत येणे निराळे. 1920 नंतर सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे 207 चाळी बांधल्या. त्यांत कुटुंबाला खोली एक, आणि न्हाणीघर व संडास मजल्यावर सामाईक. खासगी चाळींतून याहून वाईट स्थिती होती. पहाटे नळ यायचा, रांग लागायची, पिंप भरायचे. त्या पिंपात घरातल्या दहा माणसांचा दिवस निघायचा. बाळाच्या वाट्याला येई एक तपेले.

आमची धाकटी बहीण जन्मली तेव्हा आजीने तिला न्हाऊ घातलेले आम्हांला स्पष्ट आठवते. आजी मोरीत पाटावर पाय लांब करून बसे, नडग्यांवर बाळ पालथे घेई आणि शेजारीण तांब्याने पाणी ओती. पाणी ओतणारीने आधी स्वतःच्या कोपरावर पाहावे, असा आजीचा दंडक होता. तो आजही डॉक्टर मान्य करतात. पण रॉकेलचा स्टोव्ह दोन हातांवर पेटलेला असे आणि त्यावर आधण. तेवढ्या जागेत दुसरीकडे ते ठेवणार कोठे? कढत पाण्याने भाजलेली मुले आम्ही चाळीत पाहिली आहेत. घंगाळात आधी गार पाणी आणि मग गरम, हा साधा क्रम पाळला आणि बाळापाशी आधण आणलेच नाही, तर यातले पुष्कळ टळते. मात्र त्याला दोन वाव जागा लागते.

1921 साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेंहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावली. एका खोलीच्या बिऱ्हाडांत हा आकडा आठशेंच्या वर होता. अनेक बायका बाळंतपणाला गावी जात व जन्माची नोंद तेथे होई, म्हणून हा आकडा फुगलेला आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरी उरते ते भयंकरच. त्याच सुमारास मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स बाईंनी गिरणीतल्या बायांची पाहणी केली. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणी मुलाला अफू देतात, असे त्यांनी लिहिले. पोर झोपले नाही तर खात्यावर जाणार कोण? जिला पोराजवळ बसायला सवड नव्हती, तिला न्हाण्याची निगुती कोणी शिकवायची?

ना. म. जोशींनी 1924 साली दिल्लीच्या विधिमंडळात प्रसूतीच्या रजेचे विधेयक आणले, ते नामंजूर झाले. 1928 साली मुंबईच्या कौन्सिलात तसे विधेयक आले तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला, आणि 1929 साली कायदा झाला. रोजचे आठ आणे, सात आठवड्यांपर्यंत. आणि बाळंतपणानंतर चार आठवडे बाईला कामावर घ्यायचे नाही. पहिला महिना बाळ आईच्या उबेत राहावे, याला हिंदुस्थानात प्रथमच कायद्याचा आधार मिळाला. 1961 च्या कायद्याने बारा आठवडे दिले, 2017 च्या दुरुस्तीने सव्वीस. मात्र ते ज्यांना मालक आहे आणि मस्टरवर नाव आहे त्यांना.

उबेचे महत्त्व आता शास्त्राने पक्के केले आहे. जन्मलेल्या बाळाच्या अंगावर पांढरा चिकट थर असतो. जुन्या सुइणी तो घाण समजून लगेच धुऊन काढीत. तो मुळी त्वचेचे रक्षण करतो. ओले अंग वाळताना शरीरातली उष्णता खेचून घेते आणि एवढ्याशा देहाला ती भरून काढता येत नाही. म्हणून पहिली अंघोळ निदान चोवीस तास लांबवावी, बाळ कोरडे पुसून आईच्या छातीशी ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वजन फार कमी असेल तर आणखी थांबावे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजाताची काळजी शिकवली. ऊब राखणे हा तिचा एक भाग होता. तेथे नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 साली प्रसिद्ध झाले.

आज शहरात बाळाला न्हाऊ घालायला मालिशवाली येते. अशा बायांची एक बैठक आम्ही गेल्या पावसाळ्यात घेतली. नाकाकानांत तेल घालू नये, नाळेला काही लावू नये, पडेपर्यंत ती कोरडी ठेवावी, छाती पिळू नये, न्हाणे दोन-चार मिनिटांत आटोपून आधी डोके पुसावे, हे आम्ही कागदावरून वाचून दाखवले. एक वयस्क बाई म्हणाल्या, "भाऊ, आम्हाला कळतंय. पण नाकात तेल नाही सोडलं तर घरची सासू म्हणते, हिला कामच येत नाही. उद्यापासून दुसरी बोलावते." आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुसरीला आम्ही विचारले, तुमच्या नातवाला कोण न्हाऊ घालते? "शेजारीण," ती म्हणाली, "त्या वेळेला मी दुसऱ्यांच्या घरी असते."

शेवटी असे ठरले की, नाकाकानांत तेल घालायचे नाही हे साऱ्याजणींनी एकदमच सांगायचे, म्हणजे सासूला बदली मिळायची नाही. चौदाजणी कबूल झाल्या. त्या वयस्क बाई मात्र अजून विचार करते म्हणाल्या.