प्रक्षिप्त ट्रिटियम

मार्च १९८९ मध्ये अमेरिकेतील युटा येथे फ्लाइशमन व पॉन्स यांनी शीत संमीलनाचा दावा केला. पाठोपाठ मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही डॉ. पी. के. अय्यंगार यांच्या पुढाकाराने प्रयोग झाले. जड पाण्याच्या विद्युत् विच्छेदनात ट्रिटियम आढळल्याची नोंद झाली. येथे पाठचिकित्सकाच्या परिचयाचा प्रश्न उभा राहतो : हे ट्रिटियम प्रयोगातून निष्पन्न झालेले, की द्रव्यात आधीच शिरलेले, म्हणजे प्रक्षिप्त? टेक्सासमध्ये केव्हिन वुल्फ यांना १९९० साली न वापरलेल्या पॅलेडियममध्येच ट्रिटियम सापडले होते. जड पाणी आधी मोजून पाहता येते. धातूचे तसे नाही. पोथी कितीही वेळा वाचावी, ती शाबूत राहते. पॅलेडियमचा तुकडा मात्र तपासणीसाठी विरघळवला की प्रयोगाला उरत नाही, आणि शेजारच्या तुकड्याची साक्ष पूर्णतः ग्राह्य धरता येत नाही.