विमानातली हवा आणि इंजिनाचं तेल

विमानात डोक्यावरच्या झरोक्यातून येणारी गार हवा कुठून येते, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? बहुतेक जेट विमानांत ती इंजिनातून येते. इंजिनात शिरलेली बाहेरची हवा दाबली जाते आणि इंधन जळण्याआधीच तिचा काही भाग काढून, थंड करून आत सोडतात. ती स्वच्छच असते. पण इंजिनातलं एखादं सील गळलं, तर तापलेल्या तेलाची वाफही तिच्याबरोबर येते. मग ओल्या कुत्र्यासारखा किंवा न धुतलेल्या मोज्यांसारखा वास येतो.

या तेलात झीज कमी व्हावी म्हणून ट्रायक्रेसिल फॉस्फेट (टीसीपी) घालतात. त्याचा 'ऑर्थो' प्रकार मज्जातंतूंचं नुकसान करतो, हे वैद्यकशास्त्राला फार आधी कळलं होतं. 1930 मध्ये अमेरिकेत दारूबंदी असताना लोक आल्याचा अर्क पीत. त्यात हे रसायन मिसळलं गेलं आणि हजारोंचे पाय लुळे पडले. 1959 मध्ये मोरोक्कोत व्यापाऱ्यांनी खाद्यतेलात चक्क विमानाच्या इंजिनाचं तेल मिसळलं. सुमारे 10,000 लोकांना पक्षाघात झाला. 1988 मध्ये कोलकात्याच्या बेहाला भागात मोहरीच्या तेलातल्या भेसळीने शेकडो लोक आजारी पडले, त्यामागेही टीसीपीच होतं.

हे सगळे विषबाधेचे बळी पोटातून घेतलेल्या विषाचे. श्वासातून काय होतं, हा प्रश्न मात्र रेंगाळला. नोव्हेंबर 1999 मध्ये स्वीडनमध्ये माल्मोला उतरणाऱ्या एका बीएई 146 विमानाच्या दोन्ही वैमानिकांना गरगरू लागलं आणि त्यांना ऑक्सिजनचे मास्क लावावे लागले. विमान सुखरूप उतरलं. त्याच सुमारास काही संशोधकांनी कर्मचाऱ्यांच्या डोकेदुखी, विसरभोळेपणा, हातापायांना मुंग्या अशा तक्रारींना 'एरोटॉक्सिक सिंड्रोम' असं नाव दिलं. ऑस्ट्रेलियाच्या सिनेटने याच विमानातल्या हवेची चौकशी करून 2000 मध्ये अहवाल दिला. तिथल्याच एका हवाई सेविकेला 1992 च्या उड्डाणातल्या धुराने फुप्फुसाचा त्रास झाला होता. तिला भरपाई मिळण्यावर शेवटचं शिक्कामोर्तब झालं 2010 मध्ये, म्हणजे तब्बल अठरा वर्षांनी!

हा सिंड्रोम अजूनही अधिकृत आजार म्हणून मान्य नाही. आजच्या तेलांत ऑर्थो प्रकार अत्यल्प असतो आणि निदान पक्कं करणारी एकही सर्वमान्य तपासणी नाही, हे खरं आहे. पण प्रसंग घडतो त्या क्षणी हवेत काय होतं, हे मोजणारं यंत्र बहुतेक विमानांत नसतंच. पुरावा गोळा करण्याची सोयच नसताना 'पुरावा नाही' म्हणून एखाद्याच्या त्रासाला मानसिक ठरवणं मला पटत नाही.

वर्षातून दोन-चारदा विमानात बसणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. तुम्ही किंवा घरातलं कोणी विमानात नोकरी करत असेल आणि असा वास आल्यावर त्रास सुरू झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. उड्डाण क्रमांक, वेळ, वास किती मिनिटं होता आणि आणखी कोणाला त्रास झाला, हे लिहून न्या. महिन्याभराने यातलं निम्मं आठवत नाही.