नाक धरणाऱ्यांचे शास्त्र

नाक दाबले की तोंड उघडते ही आपली म्हण राजकारणात फार वापरली जाते; शरीरशास्त्रात तिच्याकडे कोणी वळत नाही. परभणी जिल्ह्यात गंगाखेडच्या घाटावर पिढ्यान् पिढ्या लोकांनी गोदेचे स्नान करून संध्या केली, एक नाकपुडी अंगठ्याने दाबली, दुसरीने श्वास ओढला. पण त्या नाकातून हवा किती गेली, हे मोजून पाहावे असे घाटावर कोणाच्या मनात आल्याचे ऐकिवात नाही. श्रद्धेला मापाची गरज वाटत नव्हती. आणि ज्यांच्यापाशी मापे होती, त्यांना नाक धरणे हा भटजींचा उद्योग वाटत होता.

ही कोंडी फोडली ती एका संस्कृतज्ञाने. जगन्नाथ गणेश गुणे १९०३ साली संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून मॅट्रिक झाले. बडोद्यास माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी शरीर कमावले, नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींपाशी योग शिकले, मध्यंतरी अमळनेरला शिक्षणाचे काम केले. १९२४ च्या दसऱ्याला त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम काढले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. आता ते स्वामी कुवलयानंद होते. परंतु भगव्या वस्त्रांचा हा माणूस आपल्या आश्रमात क्ष-किरणांची चित्रे, पाऱ्याची दाबमापके आणि वायू पृथक् करण्याची उपकरणे बाळगून होता.

त्यांचा पहिला गाजलेला शोध पोटाविषयीचा. नौली करताना आतड्यात पाणी वर चढते ते अपानवायूच्या ओढीने, असे साधक म्हणत. गुण्यांनी नळी घालून दाब मोजला. तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला. पाणी वर चढवणारी शक्ती ती हीच. गुरूच्या नावाने त्यांनी या पोकळीस ‘माधव’ हे नाव दिले. येथवर विज्ञान आणि भक्ती यांचे उत्तम जमले होते.

प्राणायामाशी मात्र गाठ अवघड होती. प्राणायामाने रक्तात प्राणवायू अधिक जातो, असे तेव्हा शिकलेसवरलेले लोकही छातीठोकपणे सांगत. देणगीदारांना आवडावे, व्याख्यानात टाळ्या पडाव्यात, असेच ते विधान होते. कुवलयानंदांनी श्वासातील वायू तपासले आणि प्राणायामात प्राणवायू नेहमीपेक्षा जास्त मिळतो हे म्हणणे टिकत नाही, असे छापून टाकले. मला हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण वाटतो. माधव पोकळीपेक्षाही मोठा. ज्या साधनेवर आपले सर्वस्व लावले, तिचीच लोकप्रिय शिफारस स्वतःच्या हाताने खोडायची! प्राणायामाचे मोल ते शरीरातील दाबांच्या फेरफारात आणि मज्जासंस्थेच्या शिक्षणात शोधू लागले.

गंमत अशी की, येल विद्यापीठातून त्यांच्याकडे शिकायला आलेल्या कोवूर बेहनन यांनी स्वतःवर प्रयोग करून उलट आकडे काढले. १९३७ च्या त्यांच्या ग्रंथात उज्जायीमध्ये प्राणवायूचा खप सुमारे २४ टक्क्यांनी वाढल्याची नोंद आहे. खप वाढणे म्हणजे लाभ वाढणे नव्हे, श्रमानेही खप वाढतोच; तरी गुरूचे निष्कर्ष शिष्याने तपासावेत ही रीत आश्रमात रुजली, हे थोडे नव्हे.

आता नाकाकडे वळू. स्वरशास्त्र सांगते की, श्वास कधी डावीकडून, म्हणजे चंद्रनाडीतून, तर कधी उजवीकडून, म्हणजे सूर्यनाडीतून वाहतो आणि अडीच घटकांनी पालटतो. घराबाहेर पडताना चालत्या स्वराचा पाय आधी टाकावा, असे आपल्याकडची म्हातारी माणसे सांगत. युरोपात ही अदलाबदल १८९५ साली कायझर या जर्मन वैद्याने नोंदवली. नाकात दोन्ही बाजूंस शंखासारखी वळलेली हाडे असतात. त्यांवरचे अस्तर रक्ताने फुगते व ओसरते. एक बाजू फुगली की दुसरी मोकळी होते. शास्त्रकारांनी पाहिले ते खरेच होते. अडीच घटकांचा हिशेब मात्र माणसाचे नाक पाळत नाही. कोणाचा स्वर दोन तासांनी पालटतो, कोणाचा पाच-सहा तासांनी.

मोजण्याचे साधन किती साधे असावे! झ्वार्डमाकर या डच संशोधकाने नाकाखाली थंड आरसा धरला आणि दोन्ही नाकपुड्यांनी उमटवलेले वाफेचे ठसे ताडून पाहिले. लोणावळ्यात कुवलयानंद १९६६ मध्ये निवर्तले. त्यानंतर दोन वर्षांनी भोळे आणि करंबेळकर यांनी ‘योगमीमांसे’तच श्वसनातील नाकपुड्यांच्या महत्त्वावर लिहिले.

वासाचा धागा पुढे अमेरिकेत जुळला. संथ श्वासातली थोडीच हवा नाकाच्या माथ्यावरील गंधपटलापर्यंत पोचते. म्हणून तर मोगरा हुंगावा लागतो. १९९९ साली सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, मोकळ्या व दाटलेल्या नाकपुडीला तोच गंध सारखा लागत नाही. अस्तरात चटकन मुरणारे गंध वेगवान हवेत अधिक कळतात. सावकाश मुरणारे मंद हवेत. म्हणजे एकाच फुलाचे दोन वास आपण घेत असतो, आणि काही तासांनी नाकपुड्या आपापले काम बदलून घेतात.